ठकूचं तोंड

निरगुडसर,
सोमवार

प्रिय नुमान,

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस. मागच्या महिन्यात मी जुन्नरला येऊन सदाबाजारातल्या तुमच्या दुकानाचं शटर वाजवलं, तेव्हा तू आत होतास हे मला कळलं होतं, कारण तुझ्या चपला बाहेर होत्या. मी थोडा वेळ उभी राहिले आणि परतीची एसटी धरली. शेवटी रुक्सानानेच सुचवलं. म्हणाली, "ताई, कागदावर लिहा आणि माझ्याकडे पाठवा. मी त्यांच्या ताटाशेजारी ठेवते. तेवढं तरी वाचतील." तेव्हा आधी जेव. तू अर्धी भाकरी खाऊन उठतोस, असं ती सांगत होती. जेवण झालं की पुढचं वाच.

इथलं आम्हा नवरा-बायकोचं चाललंय. संघर्षने घराभोवतीचा ऊस कायमचा मोडला. आता कांदा आणि भुईमूग, बस. गुडघ्याच्या वर काही वाढूच देत नाही तो. पण आपल्या बांधापलीकडे सगळा दुसऱ्यांचा ऊसच आहे, तो कुठे मोडणार? बिबट्या आता रानातला राहिला नाही, उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो. त्याने मान धरू नये म्हणून बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जातात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही कसली थट्टा. आता माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया तसेच पट्टे घालून शाळेच्या फाटकाशी उभ्या असतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मी वर्गाचं दार लावून शिकवते. मधल्या सुट्टीत पोरं मैदानात सोडायची की नाही, यावर आमच्या शिक्षकांच्या बैठका होतात.

मला अलीकडे तुझ्या जुन्या गोष्टी फार आठवतात. तुझ्या अब्बांच्या, हनीफचाचांच्या, स्टुडिओत तो धबधब्याचा रंगवलेला पडदा होता. आम्ही शाळेतल्या मुली दहावीच्या फॉर्मचे फोटो काढायला आलो की चाचा म्हणायचे, हनुवटी वर, बेटा, आणि तू मागे उभा राहून आम्हाला हसवायचास. तू चाचांच्या गादीवर बसणार, लग्नाच्या ऑर्डरी घेणार, हे ठरलेलंच होतं. पण डिंगोऱ्याला एका लग्नाची शूटिंग करायला गेलास आणि शेजारच्या वस्तीवर नव्या विहिरीचं बांधकाम आत खचलं. वरात टाकून तू तिकडे धावलास. मातीच्या ढिगावर पारूबाई बसली होती, नवऱ्याची भाकरी बांधलेलं फडकं मांडीवर तसंच. तू एकच फोटो काढलास. पुण्याच्या पेपरात तो छापून आला आणि त्यानंतर तुझं लग्नाच्या ऑर्डरीत मन लागेना. चाचा चिडून म्हणाले होते, "हसऱ्या तोंडाचा फोटो काढायला माणसं दुकानात येतात. रडणाऱ्याचा फोटो कोण भिंतीला लावणार?"

तरी तू गेलास. मोटरसायकलवर कॅमेऱ्याची पिशवी बांधून डिंभ्याच्या पाणलोटामागच्या वाड्यांत जायचास. तिथल्या बायका धरणाचं पाणी समोर दिसत असताना डोंगर उतरून झिऱ्यावर हंडे भरायच्या. तू त्यांच्याकडे आठवडा आठवडा राहायचास. तुझा एक नेम होता, तो मी माझ्या मुलांनासुद्धा वर्गात सांगितलाय: ज्या घराचं पाणी प्यायलो नाही, त्या घराचा फोटो काढायचा नाही. विटभट्टीवर, द्राक्षबागांच्या मजुरांत, पुरात, सगळीकडे तू तसाच वागलास. लोक तुला बातमीदार समजायचे नाहीत. फोटोवाला नुमान म्हणायचे, आणि घरातलं माणूस आल्यासारखं तुझ्यापुढे ताट ठेवायचे.

तुझ्या फोटोंच्या पुण्यातल्या प्रदर्शनाला आम्ही तुझ्याबरोबर जीपने गेलो होतो. पारूबाईला तू हट्टाने डिंगोऱ्याहून घेतलं होतंस. पांढऱ्या भिंतींवर आपल्या दोन तालुक्यांची सगळी दुःखं टांगलेली आणि खाली माणसं कागदी कपातून कॉफी पीत हिंडत होती. एक बाई म्हणाल्या, काय सुंदर उजेड पकडलाय. त्यांचं काही चुकलं नव्हतं, उजेड खरंच सुंदर होता. पारूबाई स्वतःच्या फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली. मग तुला म्हणाली, "लई मोठा केलास रं भाऊ. मंग, काय झालं ह्या फोटूनं?" तिने ते टोचून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. परतताना जीपमध्ये तू मंचर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलास. मी म्हटलं, सोड हे काम, नुमान, तुला सोसत नाही. तेव्हा तू म्हणालास, "कुणीतरी बघायला पाहिजे, स्नेहा. नाहीतर ते घडलंच नाही असं होतं." दुसऱ्या दिवशी तू पुन्हा बाहेर पडलास.

मग बिबट्याची वर्षं आली. ज्या घरी बिबट्याने माणूस नेलं, त्या घरी तू गेलास. आळ्याकडे, ओतूरकडे, इकडे आंबेगावात. तुझ्या त्या फोटोंत बिबट्या कुठेच नसायचा. रिकामी बाज, अंगणातली चिमुकली सायकल आणि दारात बसलेली माणसं. आम्ही ते फोटो बघायचो आणि आत कुठेतरी वाटायचं, हे दुसऱ्यांचं आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. आज लिहिते. माझा प्रबुद्ध शाळेतून आला होता. दप्तर टाकून गोठ्यामागे करडाला सोडायला गेला. ऊन अजून बांधावर होतं. मला फक्त शेळीचं एक ओरडणं ऐकू आलं, आणि मग काहीच नाही. त्या काहीच नाहीनेच मी बाहेर धावले. संघर्ष कुदळीचा दांडा घेऊन उसात घुसला, वस्तीवरची माणसं धावली. तू तेव्हा कॅनॉलच्या कडेला ऊसतोडणी कामगारांच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या झोपड्यांवर, फोटो काढत होतास. ओरडा ऐकून मोटरसायकलवर आलास, गळ्यात कॅमेरा. लोकांनी सवयीने वाट दिली. कुणीतरी म्हणालंही, फोटोवाला आला. मग तू मला पाहिलंस. कोणाचं लेकरू नेलं हे तुला तेव्हा कळलं. तू गळ्यातला कॅमेरा काढलास, गव्हाणीच्या कठड्यावर ठेवलास आणि माणसांबरोबर उसात गेलास.

तो तुलाच सापडला. तू बाहेर आलास तेव्हा तुझ्या अंगात शर्ट नव्हता, तो त्याच्याभोवती होता. मी हात पुढे केले, तर तू मान हलवलीस. "नको, स्नेहा," एवढंच म्हणालास. त्या क्षणी कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ जिल्हाभर फिरला, असं मला नंतर समजलं. मी तो आजवर बघितलेला नाही. कॅमेरा गव्हाणीवरच राहिला. संघर्षने तो नंतर जुन्नरला आणून दिला, तेव्हा तू तो घेतलास आणि न बघता कपाटात टाकलास.

त्यानंतर तू फोटो काढला नाहीस. आधी लोकांना वाटलं, सुतक आहे. मग चाचा गेले, स्टुडिओ तुझ्या अंगावर आला, आणि तू पासपोर्टचे फोटोसुद्धा काढेनास. रुक्साना बिचारी झेरॉक्सचं मशीन चालवते. तू आमच्याकडे येणंही बंद केलंस. नुमान, माझं लेकरू गेलं हे तू पाहिलंस. पण माझा शाळेपासूनचा मित्रही त्याच दिवशी गेला, हे तुझ्या ध्यानात आलं नसेल.

आता यंदाचं सांगते. कॅनॉलच्या कडेला दरवर्षी कोप्या पडतात, पाथर्डीकडची तीच टोळी. त्यात लंकाबाई आणि तिचा नवरा बहिरू. त्यांची पोरगी ठकू, चार वर्षांची. फेब्रुवारीत कुशाबांच्या उसाला तोड आली. कुशाबा म्हणजे आमचे बांधाला बांध शेजारी. भर दुपारी, चहूबाजूंनी माणसं असताना झालं ते. ऊस तोडत आणला की शेवटी मधे थोडासा तुकडा उरतो, आणि आत जे काही दडलेलं असतं त्याला जायला जागाच उरत नाही. ठकू ट्रॉलीच्या सावलीत वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, बसून खेळत होती. बहिरूने कोयता फेकला, माणसांनी पाठलाग केला, बिबट्याने तिला टाकलंही. मंचरला नेताना ती वाटेतच गेली.

त्या दिवशी मी घरी होते. ओरडा ऐकला आणि मला काही विचारावं लागलं नाही, तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. अनवाणी धावत गेले. लंकाबाई ढेकळांत बसली होती आणि तिच्याभोवती मोबाइल धरलेल्या माणसांचं कडं झालं होतं. मी ओढणी काढली, दोन्ही हातांनी पसरली आणि तिच्यापुढे उभी राहिले. तरी फोटो आलाच पेपरात. लंकाबाईचं उघडं तोंड आणि कडेला माझ्या ओढणीचा कोपरा.

ओढ्याच्या काठी ठकूला पुरलं. साहेब लोक आले, पिंजरा लागला, एक बिबट्या सापडला, त्याला माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात नेलं. तोच होता की दुसरा, कोण सांगणार? टोळी परत तोडीला लागली. लंकाबाईसुद्धा. मी तिला म्हटलं, बाई, चार दिवस बस. ती म्हणाली, "बसून काय करू, ताई? कोयता हातात असला की तेवढा येळ डोकं चालत न्हाई."

ती आमच्या नळावर पाण्याला येते. एके दिवशी हंडा भरून वाहायला लागला, तरी ती दारात उभी. आत भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धाच्या तसबिरीखाली प्रबुद्धचा फोटो आहे, शाळेच्या टायमधला. ती त्याच्याकडे बघत होती. विचारलं, "ह्यो तुमचा?" मी हो म्हटलं. "हसतोय," ती म्हणाली. मग पाण्याकडे बघत बोलली, "माझी ठकू कशी हसायची ते मला आठवंना झालंय. डोळं मिटलं की त्या दुपारचंच दिसतं. त्याच्या आधीचं तिचं तोंड म्होरं येतच न्हाई. तुमाला रोज दिसतं तुमच्या लेकराचं. माझ्याकडं एक फोटू न्हाई तिचा."

आम्ही शोधला, नुमान. बहिरूकडे साधा बटणाचा फोन आहे. टोळीतल्या एका पोराच्या मोबाइलमध्ये असेल म्हणून बघितलं, तर त्यात सगळी गाणी आणि ट्रॅक्टर. आधार कार्ड काढायचं राहूनच गेलं होतं, हंगामाला निघायची घाई. संघर्षने मुकादमाला विचारलं, गावाकडे फोन लावला, कुणाच्या लग्नात, जत्रेत, कुठे तरी ती असेल. नाही. त्या पोरीला मेल्यावर इतक्या लोकांनी मोबाइलमध्ये धरलं, पण जिवंतपणी तिच्याकडे कॅमेरा वळवावा असं कुणालाच वाटलं नव्हतं. निदान तोवर माझा तसा समज होता.

गेल्या आठवड्यात लंकाबाई हंडा खाली ठेवून मला म्हणाली, "ताई, एक आठावलं. दोन वर्सामागं एक दाढीवाला भाऊ आला व्हता, गळ्यात मोठा कॅमेरा. आमच्या कोपीत पाणी मागून प्याला. ठकूला त्यानं ट्रॉलीच्या कडंवर बसवलं, तिच्या हातात उसाचं कांडं दिलं. ती लई हसली व्हती त्याच्या दाढीला. त्यानं फोटू काढला तवा." मी विचारलं, कधी? तिने माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "तुमच्याकडं ओरडा झाला त्याच दिशी. त्यो ऐकून पळाला."

मी आत जाऊन बसले. संध्याकाळी रुक्सानाला फोन केला. विचारणार होते कॅमेऱ्याचं, तर तीच रडायला लागली. तू कॅमेरे, डिस्का, कार्डं, प्रिंटा, सगळं एका पोत्यात भरलंयस आणि तोंड तारेने बांधलंयस. शुक्रवारी नमाजानंतर माणिकडोहच्या धरणात टाकून येणार आहेस. तिने विचारलं तर म्हणालास, "इतकी वर्षं लोकांची रडकी तोंडं घरात गोळा केली, मग या घरात झोप कशी लागेल?" ती घाबरलीय, नुमान. पोत्यासाठी नाही, तुझ्यासाठी. धरणावर तू एकटा जाऊ नयेस, म्हणून तिने शेजारच्या मोहितला तुझ्यामागे यायला सांगून ठेवलंय. हे मी तुला सांगायला नको होतं, पण तिच्या जिवाचं काय होतंय हे तुला कळलं पाहिजे.

मी तुला कॅमेरा परत हातात घे असं सांगत नाही. पारूबाईच्या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नाही. तुझ्या इतक्या फोटोंनंतरही माझं लेकरू गेलं, ठकू गेली, आणि पुढच्या हंगामात आणखी कुणाचं जाईल. मी रोज सकाळी त्या भीतीनेच उठते. फोटोंनी जग बदलतं असं तुला कुणी सांगितलं होतं, त्याच्याशी तू भांड. लंकाबाईला जग बदलायचं नाहीये. तिला तिच्या पोरीचं तोंड बघायचंय. या शनिवारी कारखान्याचा पट्टा पडतोय, गाळप संपलं की रविवारी टोळी ट्रकमध्ये बसून पाथर्डीला निघेल. तिथून पुढच्या वर्षी ती कुठल्या जिल्ह्यात ऊस तोडायला जाईल, ते तिलाही माहीत नाही. त्यामुळे शुक्रवारी सकाळी, तू नमाजाला जायच्या आधी, आम्ही दोघी जुन्नरला येतोय. पहिल्या एसटीने. शटर उघडं ठेव.

आणि एक गोष्ट आहे, जी लिहायलाच मी इतकी पानं घेतली. त्या दिवशी कोप्यांवर जाण्याआधी तू सकाळी आमच्याकडे चहाला थांबला होतास. प्रबुद्ध शाळेच्या टेम्पोची वाट बघत फाटकावर चढून बसला होता. तुला म्हणाला, "नुमानमामा, माझा काढ, पण दात पडलेला दिसला पाहिजे." तू हसत काढलास. त्याच कार्डात तो आहे आणि ठकू आहे, आणि त्यानंतर त्या कार्डात काहीच नाही, कारण तू कॅमेरा गव्हाणीवर ठेवलास. ते कार्ड तू का उघडलं नाहीस, हे मला समजतं. त्या संध्याकाळी शर्ट बाजूला करून मला त्याचं तोंड तू बघू दिलं नाहीस. ते फक्त तू पाहिलंस, आणि दोन वर्षं ते एकटाच घेऊन बसलायस. तुला झोप लागत नाही ती लोकांच्या रडक्या तोंडांमुळे नाही, नुमान. माझ्या मुलाच्या तोंडामुळे लागत नाही. शुक्रवारी आधी लंकाबाईला तिची ठकू दाखव, तिला हवा तेवढा वेळ तिला एकटीला बघू दे, आणि कागदावर छापून तिच्या हातात दे. मी बाहेर पायरीवर बसते. मग मला आत हाक मार. दात पडलेला प्रबुद्ध आपण दोघं बघू. बाकीचं पोतं तुला तरीही टाकायचंच असेल, तर मी तुझ्याबरोबर धरणावर येईन आणि एका बाजूने धरीन.

तुझीच,
स्नेहा